पेवाचं तोंड आणि पुराचं पाणी : घरच्या कामाच्या नोंदी

4 जानेवारी 2024

मी इलेक्ट्रिशियन. साइटवर रोजची डायरी ठेवायची सवय आहे, तीच आता घरासाठी उघडली. काम : अप्पांना, म्हणजे वडिलांना, घरात नीट दिसावं. जागा : गावभाग, सांगली, आमचा तळमजला. माजघर, स्वयंपाकघर, मागचा बोळ, न्हाणीघर आणि जिन्याच्या पाच पायऱ्या. ठेकेदार मी, मजूर मी, बिल भरणाराही मीच.

परवा अप्पा पडले. कशाला अडखळले म्हणावं, तर कशालाच नाही. माजघराच्या दारात काळ्या ग्रॅनाइटची चार इंची पट्टी आहे, फरशीच्या सपाटीला. उंबरा तिथे नाहीच. ती पट्टी ओलांडायला अप्पांनी गुडघाभर पाय उचलला आणि तोल गेला. हाड वाचलं, कोपर सोललं.

अल्झायमरचं निदान 2022 चं. विसरतात, तेच तेच विचारतात, हे आम्ही धरून चाललो होतो. 'दिसत नाही' म्हणाले की चष्मा बदलायचा, एवढंच आम्हाला ठाऊक. दोन वर्षांत तीन चष्मे झाले. शेवटचा प्रोग्रेसिव्ह, साडेआठ हजारांचा. दुकानदाराने "एकाच काचेत सगळं" म्हणून गळ्यात मारला आणि मीही मारून घेतला.

9 जानेवारी

मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. या वेळी दुकानात न जाता आधी डॉक्टर.

तक्त्यावरची अक्षरं अप्पांनी सुटी सुटी बरोबर सांगितली, बारीकसुद्धा. पण एक ओळ संपली की पुढची सापडेना. बोट वरच्या ओळीवर, नजर तिसरीकडेच. मग डॉक्टरांनी उलटसुलट इंग्रजी 'E'चा तक्ता लावला. नुसता हात त्या दिशेला करून दाखवायचा. ते जमलं. 6/6 म्हणजे पूर्ण नजर; डावा डोळा 6/9. उजव्यात मोतीबिंदू, पिवळा पडत चाललेला, तिथे 6/18.

डॉक्टर म्हणाल्या ते माझ्या भाषेत लिहितो : मीटरपर्यंत सप्लाय येतोय, आतलं वायरिंग ठिकठिकाणी गेलंय. डोळ्याने पाठवलेलं मेंदूत मागच्या आणि वरच्या भागात जुळवलं जातं. या आजारात तिथेही बिघाड होतो. मग जवळजवळच्या रंगांच्या दोन वस्तू वेगळ्या दिसत नाहीत. खोली-उंचीचा अंदाज चुकतो. बाजूचं कमी टिपलं जातं. निळा-जांभळा ओळखणं जड जातं. चालता माणूस एकदम अंगावर आल्यासारखा वाटतो. काहींना विस्मरणाच्या आधी हाच त्रास सुरू होतो, त्या प्रकाराचं वर्णन बेन्सन नावाच्या अमेरिकी मेंदूतज्ज्ञाने 1988 मध्ये केलं. अप्पांचा तो प्रकार नाही, त्यांचं विसरणं आधीचं आहे.

प्रोग्रेसिव्ह चष्मा ताबडतोब बंद. चालताना खाली पाहिलं की जवळची काच आड येते आणि नेमकी पायाखालची जमीन धूसर होते. लांबचा एक, वाचायचा एक, असे दोन साधे करा म्हणाल्या. लांबच्याला लाल दोरी लावली. वाचायचा आईच्या ताब्यात.

13 जानेवारी

लक्स मीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, आणला, रात्री आठ वाजता पावलागणिक मोजलं. ओट्यापाशी 140. माजघराच्या मधोमध 65. बोळात 11. न्हाणीघराच्या दारात 9. म्हणजे स्वयंपाकघरातून निघालेला माणूस आठ पावलांत उजेडातून भुयारात जातो. आपल्याला काही वाटत नाही, कारण आपली बाहुली पटकन जुळवून घेते. म्हातारपणी ती आखूडते आणि भिंगही पिवळसर होतं. विशीतल्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो त्याच्या साधारण तिसरा हिस्साच साठीनंतर पोचतो. अप्पा 78 वर्षांचे.

तीस वर्षं लोकांच्या घरात उजेड पाडतोय. स्वतःच्या बोळात 11 लक्स.

16 जानेवारी

ही नोंद सविस्तर लिहायची आहे.

संक्रांतीच्या खरेदीत बायकोने न्हाणीघराबाहेर टाकायला पायपुसणं आणलं. जाड, काळंभोर, गोल. सकाळी अप्पा बोळात आले आणि त्याच्यापासून दोन हातांवर थांबले. भिंतीला पाठ लावली. मी म्हटलं, चला. हलेनात. धरून पुढे घ्यायला गेलो तर मनगट एवढं घट्ट आवळलं की वळ उठले.

"आरं, पेव उघडं टाकलंय कुणी? पोरगं पडंल की आत."

अप्पांचा जन्म हरिपूरचा. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळचं गाव, तिथल्या जमिनीत हळद साठवायची पेवं होती. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आत पोटाने रुंद. आमचे आजोबा पेवात उतरायचे. पेव फोडलं की लगेच आत जायचं नाही. कोंडलेल्या हवेने माणूस गुदमरून जातो. आधी कंदील सोडायचा, तो विझला नाही तरच उतरायचं. अप्पांनी लहानपणी त्या तोंडाच्या कडेला बसून दोर धरलाय. 2005 च्या पुरात बहुतेक पेवं गेली, पण अप्पांच्या डोक्यात ती शाबूत आहेत.

उजळ फरशीवर मोठा काळा गोल त्यांना खड्डा दिसला आणि खड्डा म्हटलं की त्यांच्यापुढे पेवच येणार. मी हुशारी केली : पुसण्यावर उभा राहिलो, उडी मारून दाखवली. अप्पा ओरडले. त्यांच्या डोळ्यांदेखत मुलगा पेवावर उड्या मारत होता!

बायको शहाणी. तिने पुसणं ओढून काढलं, लाटणं आणलं, खाली बसून फरशीवर तीनदा ठोकलं. ठक ठक ठक. "अप्पा, झाकण घातलं बघा. पक्कं बसलंय." अप्पांनी कान दिला. मग एक पाय, मग दुसरा.

निर्णय : घरात काळं किंवा गर्द काहीही जमिनीवर नको. दारातल्या ग्रॅनाइट पट्टीवर फरशीच्याच रंगाची मॅट पट्टी चिकटवली. न्हाणीघराबाहेर फरशीशी मिळतंजुळतं, मागून रबर असलेलं पुसणं. याच्या उलट, जिथे खरंच उतार आहे त्या पाच पायऱ्यांच्या कडांना दोन इंची पिवळी पट्टी, वरून आणि समोरूनही. जिथे धोका आहे तिथे रंग वेगळा, जिथे नाही तिथे एकच. काळी पट्टी दारात छान दिसते म्हणून मीच बसवून घेतली होती.

28 जानेवारी

फरशी. 2019 च्या पुरानंतर आम्ही तळमजल्यावर चकचकीत व्हिट्रिफाइड टाकली. चिखल पुसायला सोपी म्हणून. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, त्या ऑगस्टात पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. माजघरात अप्पांच्या छातीएवढं.

आता सकाळी साडेनऊला पूर्वेच्या खिडकीतून ऊन आलं की फरशी चमकते आणि अप्पा धोतर वर खोचतात. "पाणी आलंय. वर चला." आईला जिन्याकडे ओढतात. आजवर आम्ही हे 'जुनं आठवतंय' म्हणून सोडून देत होतो. गेल्या आठवड्यात मी त्यांच्या खाटेवर, त्यांच्या उंचीला डोळे आणून बसलो. खरंच पाणी दिसतं! खिडकीचं चौकोनी प्रतिबिंब वाऱ्याने पडदा हलला की हलतं.

फरशी उखडायचे पैसे नाहीत. केलेली कामं : खिडकीला ऊन गाळणारा जाड पांढरा पडदा, दारासमोरची उघडी ट्यूब काढून दोन्ही भिंतींना दुधी झाकणाच्या पट्ट्या, उजेड छताकडे, चालायच्या वाटेवर मॅट व्हिनाईल, एकरंगी. दुकानदार ग्रॅनाइटच्या ठिपक्यांचं देत होता, नको म्हटलं. वरच्या मजल्याच्या मोझॅकवर अप्पा वाकून वाकून काहीतरी वेचत असतात. विचारलं तर "बेदाणं सांडल्यात" म्हणतात. आता खाली तरी बेदाणे नकोत.

मोजमाप : माजघर 210, बोळ 160, न्हाणीघर 180. पावलागणिक फरक थोडा. धोतर खोचणं चार दिवसांत एकदाच.

4 फेब्रुवारी

चूक माझी, म्हणून लिहितोय. बोळात हालचालीवर लागणारा सेन्सर दिवा बसवला. वीज वाचेल, बटण शोधायला नको. रात्री दोनला अप्पा उठले, दिवा एकदम फाटकन लागला, ते दचकून मागे सरले आणि खाटेच्या काठावर बसकण मारली. नशीब, खाट तिथे होती. सेन्सर काढला. जमिनीपासून फूटभर वर दोन मंद पिवळसर दिवे, संध्याकाळपासून सकाळपर्यंत चालू. वीज जळू दे.

आणि एक : महिन्याभरात मी इतकं बदललं की अप्पांना घरच अनोळखी वाटायला लागलंय. स्वतःच्या खाटेकडे जाताना "हे कुणाचं घर?" म्हणाले. यापुढे आठवड्याला एकच बदल.

11 फेब्रुवारी

जेवण. अप्पा अर्धं ताट टाकतात आणि उठून "वाढलं नाही कुणी" म्हणतात. आई रडकुंडीला येते. नीट पाहिलं तर टाकलेलं नेहमी डावीकडचं. मध्येच ताट फिरवलं तर उरलेलंही खातात. तेवढं बाजूचं टिपलंच जात नाही.

बोस्टनमध्ये 2004 साली एक छोटा प्रयोग झाला होता. पांढऱ्या भांड्यांऐवजी गडद लाल भांड्यांत दिलं तेव्हा अल्झायमरच्या रुग्णांचं खाणं 25 टक्क्यांनी आणि पिणं 84 टक्क्यांनी वाढलं. माणसं नऊच होती, म्हणून फार भारून जायचं कारण नाही. पण ताट बदलायला काय लागतं? लाल मेलामाइनचं आणलं. भात, दही सापडलं. आमटी आणि लाल चटणी ताटातच गडप! त्यांच्या थाळ्या आणि आमचं जेवण वेगळं.

आई म्हणाली, "केळीचं पान घाल की." घातलं. भात, पिवळं वरण, चटणी, सगळं पानावर वेगवेगळं दिसतं, आणि पान पाहिल्यावर अप्पा पंगतीला बसल्यासारखे मांडी नीट घालून बसले. रोज पान कुठून आणायचं, म्हणून एकरंगी हिरवं मेलामाइन घेतलं. चालतंय. स्टीलच्या पेल्याऐवजी गर्द निळा. पाणीही थोडं जास्त जातंय.

19 फेब्रुवारी

पांढरं कमोड, पांढरी फरशी, पांढरी भिंत. अप्पा बाजूलाच लघवी करायचे आणि घरात त्यावरून भांडणं व्हायची. गडद निळी सीट बसवली, साडेसहाशे रुपये. भांडणं जवळजवळ बंद. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही, हे सगळ्यात आधी करायला हवं होतं एवढंच.

25 फेब्रुवारी

संध्याकाळी जिन्यावर दोन पोरं बसलेली दिसतात. अप्पा त्यांना "वर या" म्हणतात. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी उलट विचारलं : लघवीला जळजळ, ताप? नवीन गोळी? किती वाजता, कुठे, कुठल्या उजेडात? असलेली वस्तू वेगळी दिसणं आणि काहीच नसताना दिसणं, हे दोन निराळे प्रकार, आधी कुठला ते बघा.

सहा वाजता त्यांच्या जागी बसलो. जिन्याच्या कठड्याच्या सावल्या आणि खिळ्याला माझे दोन शर्ट. शर्ट कपाटात, जिन्यात दिवा. पोरं गेली.

आरशातला माणूस मात्र राहिला. कपाटाच्या आरशात अप्पांना एक म्हातारा दिसतो, त्याला ते चहा विचारतात. भांडत नाहीत, म्हणून आईने आरसा झाकू दिला नव्हता. परवा "हा कवापासून बसलाय, जात न्हाई" म्हणून चिडले, मग झाकला. रात्री खिडकीच्या काचेतही तोच येतो, म्हणून दिवेलागणीला पडदे ओढायचे.

डॉक्टरांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या, त्या लिहून ठेवतो. नजर फार गेली की डोकं पूर्ण ठिकाणावर असलेल्यांनाही माणसं, नक्षी असं दिसतं. शार्ल बोने या स्विस माणसाने 1760 मध्ये आपल्या मोतीबिंदू झालेल्या आजोबांचं असंच लिहून ठेवलंय. म्हणजे 'दिसतंय' म्हटलं की लगेच वेड समजू नये. दुसरी जास्त महत्त्वाची : रोज स्पष्ट माणसं-प्राणी दिसणं, सोबत अंग आखडणं, आज ठीक तर उद्या पार हरवलेलं, असं असेल तर ल्यूई बॉडी नावाच्या वेगळ्या प्रकारच्या स्मृतिभ्रंशाची शंका घ्यायची. त्यात भास थांबवायच्या काही नेहमीच्या गोळ्या जिवावर बेतू शकतात. शेजारच्याच्या आजोबांना चालली म्हणून कुठलीही गोळी आणायची नाही.

5 मार्च

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. करावं की नाही यावर पुण्याच्या ताईशी आठवडाभर फोनवर वाद. ती म्हणे, या वयात, या अवस्थेत कशाला. डॉक्टरांचं म्हणणं, आतलं वायरिंग कमजोर आहे म्हणूनच सप्लाय चांगला हवा. आणि आज अप्पा सांगितलं तर दहा मिनिटं पडून राहतात, वर्षभराने राहतील असं नाही.

सकाळचा पहिला नंबर मागून घेतला. बाहुली मोठी करायच्या काही थेंबांनी अशा रुग्णांचा गोंधळ वाढतो, म्हणून कमी वेळ टिकणारे घातले. भूल फक्त डोळ्यापुरती. बायकोला हात धरून बसू दिलं, ते फार बरं झालं.

8 मार्च

थेंबांचा तक्ता पाच-सहा आठवड्यांचा, रात्री डोळ्यावर झाकण. अप्पा झाकण ओढून काढतात. आईने युक्ती केली, हातात सुतळीचा गुंडा दिला. चाळीस वर्षं हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी, पोत्यांत आयुष्य गेलेलं. ते सुतळी उलगडतात, परत गुंडाळतात. हात गुंतले की डोळ्याकडे जात नाहीत.

आज सकाळी म्हणाले, "ट्यूब बदललीस व्हय रं?" नाही बदलली. मग धोतराकडे बघून आईला, "नीळ जास्त घातलीस."

पिवळं भिंग गेलं, निळं परत आलं. हे ऐकून मला काय वाटलं ते डायरीत लिहीत नाही.

काळ्या पुसण्याची परीक्षा मुद्दाम, दोन्हीकडून धरून, पुन्हा एकदा घेतली. पेव तसंच उघडं. ते डोळ्यातलं नव्हतंच.

24 मार्च

होळी. मार्केट यार्डात नवीन हळदीचे सौदे चालू आहेत. अप्पांच्या जुन्या दुकानातला एक जण मूठभर हळकुंडं देऊन गेला. राजापुरी.

अप्पांनी हातात घेतली, बघितलं सुद्धा नाही. अंगठ्याने खरखर चाचपली. एक कानाजवळ नेऊन मोडलं. खण्‌ असा आवाज आला, धातूसारखा. उजवीकडे ठेवलं. दुसरं मोडलं, ते मऊ, मुका आवाज. "ओलं हाय. वाळलं न्हाई नीट." डावीकडे. अशी अकरा हळकुंडं. मी नंतर तपासली, एकही चुकलं नव्हतं. समोर ठेवलेला चहा मात्र त्यांना दिसत नव्हता, हात कपाच्या चार बोटं अलीकडे थांबत होता.

मी कप उचलून टेबलावर ठक् करून ठेवला. हात थेट कपाच्या कानाला.

तीन महिने मी नुसत्या उजेडामागे होतो.

2 एप्रिल

बोळाला खाटेपासून न्हाणीघरापर्यंत भिंतीला स्टीलचा पाइप, 34 इंचांवर, दर तीन फुटाला क्लॅम्प. माझं वजन टाकून तपासला. त्यावर काथ्याचा दोर घट्ट गुंडाळला. नुसतं स्टील चमकतं, गार लागतं, अप्पा सोडून देतात. दोर हाताला लागला की आपोआप मूठ वळते. न्हाणीघराच्या दाराआधी हातभर अंतरावर दोराला गाठ : गाठ आली की थांबायचं. दाराला बैलाच्या गळ्यातली छोटी घंटा.

घरात ठरवलेलं : वस्तू वाजवून ठेवायची. समोरून यायचं, बाजूने नाही. जवळ येण्याआधी नाव सांगायचं. "ओळखलं का?" हा प्रश्न कुणीही विचारायचा नाही, पाहुण्यांनीही. आत्याला हे पटवायला वेळ लागला.

9 एप्रिल

पाडवा. दारात गुढी. अप्पा : "त्या बाईला आत बोलीव, उन्हात उभारलीया." आईने गुढीला हळद-कुंकू लावलं आणि म्हणाली, "घेतलं हो आत." एवढंच.

19 मे

हिशेब. दिवे, वायर, पट्ट्या 4,300. व्हिनाईल 5,100. पाइप, क्लॅम्प, दोर 2,900. पडदे 1,800. ताट, पेला, सीट, पिवळी पट्टी मिळून दीड हजाराच्या आत. दोन साधे चष्मे 2,200. ऑपरेशननंतर उजवी काच बदलली, ती यात धरली आहे. ऑपरेशनचा खर्च वेगळा. प्रोग्रेसिव्ह चष्मा खोक्यात पडून.

जानेवारीपासून एकदाही पडले नाहीत. विसरणं वाढलंय. गेल्या आठवड्यात मला यार्डातला हमाल समजून पोती मोजायला लावली. मोजली.

राहिलेली कामं : दोराचा गाठीजवळचा भाग झिजलाय, बदलायचा. डाव्या डोळ्याची तपासणी जूनमध्ये. आणि पावसाच्या आत व्हिनाईलची मधली टेप सोडवून फक्त कडेला लावायची, म्हणजे वेळ आली तर पाच मिनिटांत गुंडाळून वर नेता येईल. कोयनेचा विसर्ग वाढला की गावभागाला तयारीत राहावं लागतं. सगळ्यांना सांगून ठेवलंय : जुलै-ऑगस्टमध्ये अप्पा "पाणी आलंय" म्हणाले, तर आधी दार उघडून बघायचं.